एका बिटाला दिलेली लेखी सूट: आयबेक्स प्रोसेसर आणि त्याची स्वयंचलित लिंट तपासणी

आयबेक्स हा मुक्तस्रोत प्रोसेसर. त्याच्या कोडच्या साठ्यात ‘लिंट’ (म्हणजे कोड न चालवता नुसता वाचून तपासणं) नावाचं एक फोल्डर आहे आणि त्यात एक लहानशी फाइल. या फाइलीत प्रोसेसरचं काहीही नाही. कोड तपासणाऱ्या प्रोग्रॅमनं कुठे कुठे गप्प बसायचं, एवढीच यादी तिच्यात आहे. त्यातली एक नोंद मला फार आवडते. इन्स्ट्रक्शन आणणाऱ्या भागात पुढचा पत्ता धरून ठेवणारा ३२ बिटांचा एक सिग्नल आहे. त्याचा शून्य क्रमांकाचा, म्हणजे सगळ्यात खालचा बिट कुणी वापरत नाही, तरी तक्रार करू नकोस, असं ती नोंद तपासनिसाला सांगते. वर एका ओळीत कारण दिलंय: वापर नसला तरी सगळे बिट लिहिलेले बरे, वाचायला स्वच्छ.

हा बिट वाया का जातो? आयबेक्स ज्या खुल्या इन्स्ट्रक्शन-संचावर चालतो त्या रिस्क-फाइव्हमध्ये ‘जंप अँड लिंक रजिस्टर’ नावाची इन्स्ट्रक्शन आहे. रजिस्टरमधल्या (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणातल्या) आकड्यात १२ बिटांचा ऑफसेट, म्हणजे किती पुढे-मागे जायचं तो आकडा, मिळवायचा, बेरजेचा सगळ्यात खालचा बिट शून्य करायचा आणि त्या पत्त्यावर उडी मारायची, असं स्पेसिफिकेशन सांगतं. आयबेक्समध्ये हे काम अगदी साध्या रीतीनं होतं: पत्त्याचे वरचे ३१ बिट उचलायचे, शेवटी एक शून्य चिकटवायचं आणि पुढे पाठवायचं. म्हणजे शून्याचा बिट टाकून देणं हीच त्या नियमाची अंमलबजावणी. तपासनीस म्हणतो, ‘हा बिट वाया गेला.’ बरोबरच म्हणतो. फक्त तो मुद्दाम घालवलाय, हे त्याला कळायला मार्ग नाही.

नोंदीची खरी गंमत पुढे आहे. सूट सिग्नलला दिलेली नाही, फाइलीला तर नाहीच नाही. त्या सिग्नलच्या शून्य क्रमांकाच्या बिटापुरतीच ती आहे. उद्या कुणी बदल करताना चुकून एक क्रमांकाचा बिटही गाळला, तर तपासनिसाच्या तक्रारीतला मजकूर बदलेल, तो नोंदीशी जुळणार नाही आणि तपासणी नापास होईल. आयबेक्समध्ये १६ बिटांच्या संक्षिप्त इन्स्ट्रक्शन चालतात, त्यामुळे पत्ता ठरवायला एक क्रमांकाचा बिट लागतोच; तो गाळला तर प्रोसेसर कित्येकदा भलत्याच जागी उडी मारेल. सूट जितकी अरुंद तितकी ती राखण करते. हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते यासाठीच.

प्रकल्प कुठला, कुणाचा

या प्रोसेसरचं काम २०१५ मध्ये ‘झीरो-रिस्की’ या नावानं सुरू झालं. झुरिकचं ईटीएच आणि बोलोन्या विद्यापीठ यांच्या पल्प प्रकल्पातलं ते एक पिल्लू. डिसेंबर २०१८ मध्ये केंब्रिजच्या लोरिस्क या ना-नफा संस्थेनं ते हाती घेतलं आणि त्याचं नाव आयबेक्स ठेवलं. आल्प्सच्या कड्यांवर चढणाऱ्या रानबकऱ्याचं नाव. प्रोसेसर ३२ बिटांचा, मूळ पाइपलाइन दोनच टप्प्यांची. लहान, काटक. नोव्हेंबर २०१९ मध्ये गूगलनं ओपनटायटन हा मुक्तस्रोत सुरक्षा-चिपचा प्रकल्प जाहीर केला, त्यात मुख्य प्रोसेसर म्हणून आयबेक्स बसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनटायटनचं व्यावसायिक दर्जाचं सिलिकॉन तयार झाल्याची घोषणाही झाली. म्हणजे ज्या कोडबद्दल बोलतोय तो विद्यार्थ्यांनी हौसेनं लिहून ठेवलेला नमुना नाही. तो खऱ्या चिपमध्ये गेलेला कोड आहे, आणि चिपमध्ये गेलेली चूक दुसऱ्या दिवशी पॅच काढून दुरुस्त होत नाही.

हा कोड सिस्टिमव्हेरिलॉग या भाषेत आहे. भाषा दिसते सी सारखी, पण तिच्यातून प्रोग्रॅम तयार होत नाही, तारा आणि फ्लिप-फ्लॉप (क्लॉकच्या ठोक्याला एक बिट धरून ठेवणारे घटक) तयार होतात. आणि ती फार क्षमाशील आहे. मला तर कधी कधी वाटतं, जरा जास्तच. मूळ व्हेरिलॉगच्या रीतीप्रमाणे मॉड्यूल जोडताना तारेच्या नावात एक अक्षर चुकलं तर कंपायलर ‘अशी तार नाही’ म्हणत नाही. त्या चुकीच्या नावाची एक बिटाची नवी तार गुपचूप तयार करतो आणि पुढे जातो. ३३ बिटांची बेरीज ३२ बिटांच्या सिग्नलमध्ये ओतली तर वरचा कॅरी सांडतो, आवाज होत नाही. आणि सगळ्यांत जुनं दुखणं लॅचचं. एखाद्या कॉम्बिनेशनल ब्लॉकमध्ये, म्हणजे ज्याला स्मृती नसते अशा भागात, चार शक्यतांपैकी तिघींत आउटपुटला किंमत दिली, चौथीत द्यायची राहिली, तर भाषेच्या हिशेबानं ‘चौथीत जुनी किंमत तशीच ठेव’ असा अर्थ होतो. जुनी किंमत ठेवायला स्मृती लागते, म्हणून सिंथेसिसचं (कोडवरून सर्किट बनवणारं) टूल इमानदारीनं तिथे एक लॅच, म्हणजे बिट धरून ठेवणारा घटक, बसवतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात लॅच नव्हताच. सिम्युलेशन बहुतेक वेळा पास होतं, कारण चौथी शक्यता टेस्टमध्ये येतच नाही.

असल्या चुका माणसानं डोळ्यांनी शोधायच्या म्हणजे तांदळातले खडे संध्याकाळच्या उजेडात निवडणं. म्हणून लिंट. शब्द जुना आहे: १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी असा तपासनीस लिहिला आणि कपड्यावर चिकटलेल्या बारीक तंतूंवरून त्याचं नाव ठेवलं. कोड चालवायचा नाही, नुसता वाचायचा आणि ‘हे तुम्हाला खरंच असंच हवं होतं का?’ एवढं विचारायचं.

दोन तपासनीस, दोन स्वभाव

आयबेक्सच्या लोकांनी एकावर भागवलं नाही. पहिला व्हेरिलेटर. याचं मूळ १९९४ मधलं, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधलं. पुढे विल्सन स्नायडर यांनी तो वर्षानुवर्षं वाढवला. मुळात हा सिम्युलेटर, सिस्टिमव्हेरिलॉगचं सी++ मध्ये रूपांतर करणारा, पण त्याला ‘फक्त लिंट कर, पुढे जाऊ नको’ असंही सांगता येतं. तो सगळ्या फाइली एकत्र घेतो, पॅरामीटर भरतो, प्रत्येक मॉड्यूल कुठे कसं जोडलंय ते उलगडतो आणि मग बोलतो. त्यामुळे रुंदी जुळत नाही, पोर्ट जोडायचा राहिला, लॅच झाला, सिग्नलला कुणी चालवतच नाही, हे त्याला कळतं.

याची एक अडचण आहे आणि ती आयबेक्सच्या बाबतीत खास जाणवते. आयबेक्स म्हणजे एक प्रोसेसर नाही, पॅरामीटरांनुसार बदलणारी प्रोसेसरांची अख्खी भावकी आहे. लहान रूप, ओपनटायटनचं रूप, जास्तीत जास्त वेगाचं रूप. गुणाकाराचं युनिट वेगळं, मेमरी-संरक्षण असणं-नसणं, तिसरा राइटबॅक टप्पा असणं-नसणं. व्हेरिलेटर जे रूप उलगडतो तेवढंच त्याला दिसतं. ज्या ब्लॉकची अट त्या रूपात खोटी ठरते त्यातल्या चुकीबद्दल तो मूग गिळून बसतो. म्हणून सीआयमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) व्हेरिलेटरची लिंट एकदा चालवून भागत नाही, एकेका कॉन्फिगरेशनसाठी पुन्हा चालवावी लागते. फाइली गोळा करणं आणि योग्य पॅरामीटर देऊन टूलला हाक मारणं हे काम फ्यूजसॉक करतं. एका ओळीची कमांड, आणि महत्त्वाचं म्हणजे जी सीआयमध्ये चालते तीच तुमच्या लॅपटॉपवरही चालते. हा मुद्दा साधा वाटतो, पण ‘माझ्याकडे पास होतंय, तिकडे नापास’ या वादात किती संध्याकाळी जातात हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

दुसरा तपासनीस व्हेरिबल, गूगलमध्ये तयार झालेला आणि आता चिप्स अलायन्सच्या छत्राखाली असलेला. याचा स्वभाव उलट. तो काही उलगडत नाही. एकेक फाइल, माणसानं जशी लिहिली तशी, प्रीप्रोसेसर न चालवता, म्हणजे मॅक्रो नावाची लघुरूपं न उलगडता, वाचतो. त्यामुळे सिग्नल किती बिटांचा हे त्याला ठाऊक नसतं आणि लॅच होईल की नाही याचं खात्रीचं उत्तर त्याच्याकडे नसतं. पण लिखाणाच्या शिस्तीचं त्याला सगळं कळतं: टॅब आहे का, ओळीच्या शेवटी उगाच स्पेस राहिलीय का, ओळ १०० अक्षरांच्या पुढे गेली का, केस-विधानात डिफॉल्ट शाखा (कुठलीच शक्यता जुळली नाही तर घ्यायची वाट) आहे का, कॉम्बिनेशनल ब्लॉक जुन्या पद्धतीनं लिहिलाय की नव्या. मॅक्रो न उलगडता अख्खी भाषा वाचायची हे सोपं काम नाही. भाषेचं अधिकृत प्रमाणपुस्तक हजारावर पानांचं आहे.

व्हेरिबलला नियम दिले आहेत ते लोरिस्कच्या शैलीपुस्तिकेतून आलेले. पुस्तिकेतला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला भाग नावांचा. इनपुट पोर्टच्या नावाला शेवटी ‘आय’, आउटपुटला ‘ओ’, फ्लिप-फ्लॉपमधून बाहेर आलेल्या किमतीला ‘क्यू’, पुढच्या क्लॉकला आत जाणाऱ्या किमतीला ‘डी’. नुसतं नाव वाचून कळतं की ही आत्ताची किंमत आहे की पुढच्या क्लॉकची. आमच्याकडे नवीन पोरं पहिल्या महिन्यात ज्या चुका करतात त्यातल्या निम्म्या या दोघींची गल्लत केल्यानं होतात. आणि ही गल्लत यंत्र पकडू शकत नाही, कारण भाषेच्या दृष्टीनं दोन्ही सिग्नल सारखेच. नियमाचा फायदा रिव्ह्यू करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना होतो.

कोण अडवतो, कोण नुसता बोलतो

दोन्ही तपासनीस सीआयमध्ये बसवले, पण दोघांना सारखा अधिकार दिला नाही. व्हेरिलेटरची लिंट नापास म्हणजे पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या’ ही विनंती) नापास. व्हेरिबल आला तेव्हा मात्र त्याच्या पायरीवर स्पष्ट लिहिलं होतं की हे अजून प्रायोगिक आहे, नापास झालं तर दुर्लक्ष केलं तरी चालेल. कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या फॉरमॅटरचं तर आणखी सौम्य: तो काय काय बदललं असतं त्याचा फरक दाखवायचा आणि मग ते बदल स्वतःच टाकून द्यायचे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा बोटचेपेपणा वाटला. नियम आहे तर पाळा, नाहीतर काढा. नंतर मत बदललं. व्हेरिलेटर जे सांगतो ते हार्डवेअरबद्दल आहे; त्याकडे दुर्लक्ष केलं तर चिपमध्ये काहीतरी बदलतं. व्हेरिबल जे सांगतो ते बहुतेक कागदाबद्दल. आणि त्या काळात व्हेरिबल स्वतः नवा होता, एखाद्या ठिकाणी भाषेचं व्याकरण वाचताना त्याचीच चूक व्हायची. ज्या तपासनिसाचीच परीक्षा चालू आहे त्याच्या हाती फाटकाची किल्ली दिली, की एखाद्या दिवशी तो निरपराध माणसाला अडवतो. मग लोक त्याच्याकडे बघणं सोडतात, आणि एकदा बघणं सुटलं की खरं बोलला तरी कुणी ऐकत नाही. लांडगा आला रे आला, दुसरं काय.

फॉरमॅटरच्या बाबतीत तर माझी सहानुभूती पूर्णपणे प्रकल्पाच्या बाजूनं आहे. हार्डवेअर लिहिणारे लोक पोर्टची यादी रांगोळीसारखी रेखतात. प्रकार एका उभ्या रेषेत, रुंदी दुसऱ्या, नाव तिसऱ्या. त्या रेषांत अर्थ असतो: कुठले पोर्ट एका बसचे, कुठले डीबगचे. यंत्राला हे पूर्ण कळेपर्यंत त्याच्याकडून रांगोळी पुसून घेऊ नये.

अनोळखी माणसाचा कोड

इथवरचं सगळं कुठल्याही कंपनीत होतं. मुक्तस्रोत प्रकल्पाची खरी गाठ पुढे आहे, आणि ती हार्डवेअरची नाही, परवानगीची आहे.

व्हेरिबलचं म्हणणं लॉगमध्ये छापून कोण वाचणार? शेकडो ओळींचा लॉग, त्यात कुठेतरी तीन तक्रारी. पोलंडमधल्या अँटमायक्रो कंपनीच्या लोकांनी व्हेरिबलला गिटहबच्या (हा कोड जिथे ठेवलाय त्या संकेतस्थळाच्या) ॲक्शनमध्ये, म्हणजे तिथल्या स्वयंचलित कामात, बसवलं आणि रिव्ह्यूडॉग नावाच्या टूलची जोड दिली. रिव्ह्यूडॉग लिंटची तक्रार घेतो आणि पुल रिक्वेस्टमध्ये ज्या ओळीवर चूक आहे त्याच ओळीखाली, माणसानं टिप्पणी लिहावी तशी चिकटवतो. शिवाय तो मूळ सवयीनं फक्त बदललेल्या ओळींबद्दल बोलतो. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणी लिहिलेल्या लांब ओळीबद्दल तुम्हाला बोलणी बसत नाहीत. याचं महत्त्व जुन्या कोडवर लिंट बसवलेल्या माणसालाच कळेल. पहिल्या दिवशी दोन हजार इशारे आले की दुसऱ्या दिवशी लिंट बंद होतं.

पण टिप्पणी चिकटवायला लिहिण्याचा अधिकार लागतो. बाहेरचा माणूस प्रकल्पाचा फोर्क, म्हणजे स्वतःची प्रत, करतो, बदल करतो, पुल रिक्वेस्ट पाठवतो. आणि फोर्कवरून आलेल्या पुल रिक्वेस्टवर जो जॉब चालतो त्याला गिटहब फक्त वाचण्याचं टोकन (परवानापत्र) देतं, गुप्त चाव्या अजिबात देत नाही. योग्यच आहे. नाहीतर कुणीही पुल रिक्वेस्टमधल्या स्क्रिप्टमध्ये चार ओळी घालून प्रकल्पाच्या चाव्या पळवेल. परिणाम मात्र विचित्र: प्रकल्पातल्या मुरलेल्या माणसाला बॉटची टिप्पणी मिळते आणि ज्याला तिची खरी गरज आहे त्या नवख्याला मिळत नाही.

यावर एक सोपा आणि धोक्याचा उपाय आहे: जॉब मूळ साठ्याच्या अधिकारात चालवायचा आणि त्यात पाहुण्याचा कोड उतरवून घ्यायचा. अनेक सॉफ्टवेअर प्रकल्पांनी हे केलंय आणि हात पोळून घेतलेत. आयबेक्समध्ये काम दोन टप्प्यांत तोडलं गेलं. पहिला जॉब पाहुण्याच्या पुल रिक्वेस्टवर, विनाअधिकार चालतो आणि फार काही करतच नाही. ‘अमुक पुल रिक्वेस्ट आली’ या घटनेचा तपशील एका फाइलीत घालून बाजूला ठेवतो. तो संपला की दुसरा जॉब मूळ साठ्याच्या अधिकारात सुरू होतो. या दुसऱ्या जॉबची कृती मुख्य शाखेवरून घेतली जाते, पाहुण्याला ती बदलता येत नाही. तो ठेवलेली फाइल उचलतो, व्हेरिबल चालवतो आणि टिप्पण्या चिकटवतो.

हे सुरक्षित का आहे, याचं माझं उत्तर व्हेरिबलच्या त्या साध्याभोळ्या स्वभावात आहे. तो फाइल फक्त वाचतो. पाहुण्याचा कोड त्याच्यासाठी मजकूर आहे, चालवायची गोष्ट नाही. हाच दुसरा टप्पा फ्यूजसॉकला दिला असता तर गोष्ट वेगळी झाली असती: फ्यूजसॉकच्या वर्णनफाइलीतून स्क्रिप्ट चालवता येतात आणि ती वर्णनफाइल पाहुणाच घेऊन आलेला असतो. म्हणजे अधिकाराच्या खोलीत दुबळ्या तपासनिसाला बसवलं आणि ताकदवान तपासनीस ओसरीवर ठेवला. वर ज्याला मी व्हेरिबलचा उणेपणा म्हटलं, काही न उलगडणं, तोच इथे कामी आला.

एक फट तरी राहतेच. सुटींची फाइलही त्याच साठ्यात असते, तेव्हा पाहुणा स्वतःच्या चुकीसाठी स्वतःच सूट लिहून आणू शकतो. ते यंत्रानं थांबवायचं नाही. फाइलीतला बदल पुल रिक्वेस्टमध्ये उघड दिसतो, रिव्ह्यू करणारा विचारतो, ‘ही सूट का?’ आणि मग जी चर्चा होते ती ओळीच्या लांबीवरून झालेल्या चर्चेपेक्षा कितीतरी कामाची असते.

सूट देण्याची रीत

धंद्यात याला ‘वेव्हर’ म्हणतात. मी पूर्वी जिथे काम करायचो तिथे वेव्हरची फाइल काही हजार ओळींची होती. टेपआउटच्या, म्हणजे डिझाइन चिप बनवायला पाठवण्याच्या, आदल्या आठवड्यात ‘लिंट क्लीन करून दे’ असा निरोप यायचा. क्लीन करायचे दोन मार्ग: कोड दुरुस्त करणं, किंवा वेव्हर लिहिणं. रात्री साडेअकराला कोण कुठला मार्ग घेतो हे सांगायला नको. त्यातली एक सूट आम्हाला महागात पडली. एका पूर्ण फाइलीला रुंदीच्या इशाऱ्यांतून वगळलं होतं, आणि का वगळलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढे कुणीतरी तिच्यातला काउंटर एका बिटानं वाढवला. तुलना करणारा सिग्नल जुन्याच रुंदीचा राहिला. सिम्युलेशनमध्ये काउंटर तितका वर पोचायचाच नाही. एफपीजीए बोर्ड (डिझाइन खऱ्या हार्डवेअरवर चालवून बघायचा, पुन्हा पुन्हा बदलता येणारा चिपचा बोर्ड) रात्रभर चालू ठेवला तेव्हा सकाळी तो अडकलेला मिळाला. शोधायला चार दिवस गेले, आणि लिंटनं तो इशारा पहिल्याच दिवशी दिला असता, फक्त त्याचं तोंड आम्हीच बांधलं होतं.

त्या अनुभवानंतर आयबेक्सची फाइल वाचताना आधी हेच शोधलं: फाइलभर सूट किती आणि कारणाविना सूट किती? नोंदींवर कारण आहे, आणि कारणं वाचली की त्यांचे प्रकार वेगळे पडतात. काही सुटी कायमच्या, शून्याच्या बिटासारख्या. काही भविष्यासाठी: एका मॉड्यूलला क्लॉक आणि रीसेट जोडलेत पण आत वापर नाही, उद्या तिथे ॲसर्शन (‘हे नेहमी असंच असलं पाहिजे’ अशी तपासणीची अट) लिहायची झाली तर हाताशी असावेत म्हणून ठेवलेत. आणि काही सरळ उधारी.

कोडच्या आतही एक रीत आहे. एखादा सिग्नल मुद्दाम वापरायचा नसेल तर ‘अनयूज्ड’ हा शब्द नावात असलेला दुसरा सिग्नल घ्यायचा आणि पहिला त्याला जोडून टाकायचा. व्हेरिलेटर असं नाव दिसलं की न वापरल्याची तक्रार करत नाही. मला ही पद्धत वेव्हर फाइलीपेक्षाही बरी वाटते. वाचणाऱ्याला दुसरीकडे बघायला जावं लागत नाही.

जिथे यंत्राची नजर उलटी पडते

ओपनटायटन ही सुरक्षेची चिप. तिच्यावर कुणी लेझर किंवा व्होल्टेजचा झटका देऊन एखादा बिट उलटवेल हे गृहीत धरून ती रचलेली आहे. म्हणून स्टेट मशीनच्या (एका अवस्थेतून दुसरीत जाणाऱ्या सर्किटच्या) अवस्थांना शून्य, एक, दोन असे लागोपाठ क्रमांक न देता एकमेकांपासून अनेक बिटांनी लांब असलेले आकडे देतात. आणि डिफॉल्ट शाखा थेट त्रुटीच्या अवस्थेत नेतात. आता सरळमार्गी टूलच्या दृष्टीनं ही डिफॉल्ट शाखा अशक्य आहे, तिथे कधीच पोचता येत नाही, म्हणजे ती कचरा. आयबेक्सचा लॉकस्टेप प्रकार घ्या: एकच काम करणारे दोन प्रोसेसर शेजारी शेजारी, दुसरा काही क्लॉक मागे, दोघांचं उत्तर जुळतं का ते बघायला. सिंथेसिसला वाटतं, एकच हिशेब दोनदा कशाला? त्यानं काटकसर करून दुसरा काढून टाकू नये म्हणून ‘याला हात लावू नकोस’ अशी खूण असलेले बफर आणि फ्लिप-फ्लॉप वेगळे ठेवावे लागतात. नेहमीच्या मापानं जो कोड फाफटपसारा, तोच इथे चिलखत. गुणवत्तेचं एकच माप सगळीकडे लावणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

आणि काही चुका लिंटच्या आवाक्यातच नसतात. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियममध्ये भागाकाराची चूक सापडली, कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. भागाकारासाठीच्या तक्त्यातल्या काही नोंदी गळल्या होत्या. तक्त्याची रुंदी बरोबर, जोडणी बरोबर, लॅच नाही. कुठल्याही लिंटनं त्याला हिरवी खूण दिली असती. म्हणूनच आयबेक्सच्या सीआयमध्ये लिंट ही एक पायरी आहे, पुढे रिस्क-फाइव्हच्या चाचण्या, प्रोग्रॅम चालवून बघणं असं बरंच काही आहे.

बंद दारामागचा तिसरा

ओपनटायटनमध्ये अंतिम शिक्कामोर्तब व्हेरिलेटरवर होत नाही. ते रिअल इंटेंट कंपनीच्या ॲसेंटलिंट या व्यावसायिक टूलवर होतं. लायसन्स असल्याशिवाय ते चालवता येत नाही, म्हणून बाहेरच्यांच्या पुल रिक्वेस्टवर व्हेरिलेटर. मुक्तस्रोत प्रकल्पाचा अखेरचा निकाल बंद पेटीतून यावा हे मला खटकतं, पण चिप छापायला जाणाऱ्यांना दोष देववत नाही. व्यावसायिक टूल जास्त प्रकारचे इशारे देतात आणि फॅबला (चिप बनवणाऱ्या कारखान्याला) पैसे मोजायच्या आदल्या दिवशी तत्त्व मिरवणं परवडत नाही.

पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या मुलांसाठी याचा अर्थ काय, ते मला शिकवताना रोज दिसतं. कंपन्यांत लिंट म्हटलं की बहुतेक वेळा महागडं लायसन्सवालं टूल, कॉलेजात ते नाही, म्हणून अभ्यासक्रमात लिंटच नाही. मुलगा चार वर्षं व्हेरिलॉग लिहितो, वेव्हफॉर्म बरोबर आला की सबमिट करतो आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आपल्या काउंटरमध्ये लॅच आहे हे ऐकतो. व्हेरिलेटर आणि व्हेरिबल दोन्ही फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. मी हल्ली पहिल्याच तासाला मुलांना त्यांचाच जुना प्रोजेक्ट व्हेरिलेटरला सगळे इशारे चालू करून द्यायला लावतो. गेल्या वेळी एका मुलीच्या ट्रॅफिक सिग्नलच्या असाइनमेंटवर एकोणीस इशारे आले. ‘सर, पण हा तर चालतोय,’ ती म्हणाली. एकोणिसातले चौदा रुंदीचे होते, चार न वापरलेल्या सिग्नलचे. उरलेला एक लॅचचा: पिवळ्या दिव्याच्या शाखेत पादचाऱ्यांच्या दिव्याला किंमत द्यायची राहिली होती. सिम्युलेशनमध्ये लाल-हिरवा-पिवळा हा एकच क्रम तपासलेला, त्यामुळे जुनी किंमत योगायोगानं बरोबर यायची.

त्यानंतर तिला मी आयबेक्सची ती सुटींची फाइल वाचायला दिली. उधारीवाल्या नोंदी तिनं शोधल्या. त्यातल्या काही ‘इथे सिग्नल वर्तुळात फिरतोय’ या इशाऱ्याच्या आहेत. व्हेरिलेटर अनेक बिटांच्या सिग्नलकडे एकच वस्तू म्हणून बघतो. एका बिटावरून दुसऱ्या बिटाकडे सरळ जाणारी वाट त्याला स्वतःकडेच परत येणारी वाटते. वर्तुळ खोटं, पण सिम्युलेशन त्यापायी हळू होतं हे खरं. अशा नोंदीच्या वर कारणाबरोबर इश्यूचा क्रमांक लिहिलेला आहे. तिनं तो इश्यू उघडला आणि सिग्नलचे तुकडे वेगळे लिहिले तर वर्तुळ तुटेल का, हे वहीत काढून बघत बसली.